पाण्यात उभ्या दोघी

— नाही, तो फोटो आधी पालथा ठेवा. हां, तोच, बायांचा. तो मागून पाहू. तुम्ही त्या टोकाच्या घरातूनच आलात ना? — मान नका हलवू, मी खिडकीतून पाहिलं, तुमची स्कूटर किती वेळची तिच्या ओट्यापुढं उभी होती. चहा पाजला असेल, वर चिवडा दिला असेल, आणि मग हळूच म्हणाली असेल, हा फोटो माझा आहे बरं का, माझं नाव लिहा. — थांबा, थांबा, तुमचं मागून. मला मध्ये बोललेलं चालत नाही. सगळ्या पिंप्राळ्याला माहीत आहे, कमलबाई बोलायला लागली की आपण गप्प बसायचं. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडका आहे, पलंगावर बसा.

कॉलेजातले म्हणालात ना? इतिहास शिकवता. आणि हे प्रदर्शन पंधरा ऑगस्टला — काय नाव ठेवलंत? 'मेहरूण तलाव : काल आणि आज.' काल ठीक आहे हो, आज कशाला लावता भिंतीवर? मागल्या चैत्रात आमचा नाशिकचा भाचा आला, म्हणे मामी, चला तलावावर, आता चौपाटी झालीय तिथं. गेले बाई. शी! काठाला जलपर्णी, जलपर्णीत पिशव्या, पिशव्यांत उष्ट्या पत्रावळी, एकानं टेम्पो निम्मा पाण्यात घातलेला — धुतोय! — आणि त्याला लागून भेळेची गाडी. माणसं एका हातानं नाकाला रुमाल लावतात अन् दुसऱ्या हातानं भेळ खातात. मी भाच्याला म्हटलं, बाबा, मला घरी ने, मला इथं ओकारी येईल आणि ती कोणाला कळायचीसुद्धा नाही.

दाखवा बाकीचे. — हा पोळ्याचा. बैल धुताहेत. आता हा लावाल आणि लोक म्हणतील, अहाहा, काय सुंदर होतं हो तेव्हा! त्याचीही मला किळस येते, सांगते तुम्हाला. फोटोला वास नसतो म्हणून सुंदर. म्हशी त्यातच बसायच्या, आम्ही धुणं त्यातच बडवायचो आणि संध्याकाळी कळशी त्यातच बुडवायचो. लग्न होऊन आले तेव्हा माझी सासू म्हणाली, पाणी गाळीसन पे वं, बेंडूक जाई पोटमा. — हसता काय? तुम्ही मूळचे कुठले? — सातारा. मग तुम्हाला आमची बोली अर्धीच कळणार. बेडूक जाईल पोटात, असं म्हणत होती ती. — हा? हा तोताराम पैलवान. मिशा बघा. कसला पैलवान, जन्मात एक कुस्ती जिंकला, तीसुद्धा समोरच्याला ताप चढला होता म्हणून. पण फोटोवाला दिसला की हा लंगोट कसून हजर. नीट बघा तुम्ही, तुमच्या निम्म्या फोटोंत हाच सापडेल, बोरं विकणाऱ्या बायांच्या मागं हा, शाळेच्या सहलीत हा, पाळेवर, तलावाच्या बांधावर, छत्री धरून साहेब उभा आहे त्याच्या काखेतून डोकावतोय तोही हाच. लोकांना वाटेल तेव्हा जळगावात एकच माणूस राहत होता. ठेवा, ठेवा ते.

आता तो उलटा करा. — करा हो. घाबरते की काय मी फोटोला?

हं.

हा धुळ्याच्या रुपचंद फोटोवाल्यानं काढला. तीन पायांचं ते लाकडी यंत्र घेऊन आला होता, डोक्यावर काळं फडकं घ्यायचा अन् आतून ओरडायचा, 'बायाहो, इकडं बघा!' कोण बघणार? माझी सासू झुंबरबाई पुढं होती, ती गरजली — तोंड झाका वं पोरीहोन! झालं. बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, बायांनी पदर खाली ओढले. देवीची मिरवणूक चाललेली आणि परका पुरुष फडक्यातून बघतोय, म्हणजे काय. म्हणून बघा, एकीचंही तोंड दिसत नाही. चाळीस बायांचा फोटो आणि नाक एकाही बाईचं नाही. आणि तुम्ही आता दारोदार विचारत फिरता, ही कोण अन् ती कोण. रुपचंदानंच तेव्हा विचारून ठेवायचं होतं. पण त्याला बायांच्या नावाशी काय करायचं होतं? त्याला पाणी हवं होतं, पाण्यावरचं ऊन हवं होतं. बाया काय, असल्या तर असल्या.

ह्या दोघी पाण्यात उभ्या आहेत ना, घोटाभर — एकीच्या डोक्यावर पाट, पाटावर देवी, आणि दुसरी तिच्या कोपराला धरून. लुगडी सारखीच, कारण सासऱ्यांनी एकाच ठाणातून दोघी सुनांना घेतलेली. त्यातली एक मी आणि एक ती. ती म्हणजे इंदिरा, माझी मोठी जाऊ, जिच्याकडून तुम्ही आलात. आणि पाट जिच्या डोक्यावर आहे ती मी. लिहा. कमलबाई. — थांबा म्हटलं ना! तिनं काय सांगितलं ते मला ऐकायचंसुद्धा नाही. तिचं तेच पालुपद असणार, गेली पस्तीस वर्षं तेच आहे.

तुम्ही साताऱ्याचे, तुम्हाला कानबाई काय कळणार. आमची देवी. श्रावणात, नागपंचमी झाली की पहिला रविवार तिचा. म्हणजे हाच, परवाचा. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं, पाटावर केळीच्या पानांत बसवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी वाजत गाजत पाण्यावर न्यायची. लोक नारळ बुडवतात. आमच्या घराण्यात नाही बुडवत, आमचा नारळ सासूच्याही सासूच्या वेळचा, त्याला पाणी लावायचं अन् परत घरी आणायचं. आणि पाट कुणाच्या डोक्यावर, तर घरच्या सुनेच्या. गावापासून तलावाच्या पाळेपर्यंत थोरलीनं न्यायचा, पाळेवर धाकटीच्या डोक्यावर द्यायचा, आणि धाकटीनं पाण्यात उतरायचं. अशी रीत. पाण्यात जी उतरली, तिच्या हाताला देवी लागली. ज्या साली हा फोटो काढला, त्याच साली दिवाळीच्या आत घर फुटलं — मेहरूणची शेती वाटली, मग त्याच शेतीवर कॉलन्या उठल्या, आम्ही दोघांनीही इकडं पिंप्राळ्यात प्लॉट घेतले, भांडून निघालो आणि भांडून एकाच गल्लीत येऊन राहिलो, त्याला काय म्हणावं ते म्हणा. शेतीची वाटणी झाली, भांडी वाटली, बैल वाटले. नारळ कसा वाटणार? सासूला विचारलं, तर ती तेव्हा अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली, नुसती छताकडं बघायची. मग पंचांनी सांगितलं, शेवटच्या साली जी पाट घेऊन पाण्यात उतरली तिच्याकडं नारळ. आमचे हे म्हणाले, आमची उतरली. थोरले दीर जीवरामभाऊ म्हणाले, आमची उतरली. ज्या बायांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांना कुणी विचारलंच नाही. आणि यांनी काय केलं, सरळ देव्हाऱ्यातून नारळ उचलला आणि आणला इकडं. तो बघा. त्या कोनाड्यात. तेव्हापासून त्या घरानं या घरचं पाणी सोडलं. त्यांनी नवी कानबाई बसवली, दुकानातून नारळ आणून. दुकानातून! मला तर विचारानंच शिसारी येते. बाजारचा नारळ, आणि त्याच्यापुढं बारा-पंधरा बाप्ये पंगतीला बसतात आणि म्हणतात, जय कानबाई.

आता हा फोटो सापडला. पंधरा ऑगस्टला लागणार, सगळं जळगाव येणार, सगळी भाऊबंदकी येणार, चणे खात खात बघणार आणि खाली जे नाव असेल ते खरं मानणार. पस्तीस वर्षांत जो निकाल लागला नाही तो तुम्ही एका पट्टीवर लावणार. म्हणून ती एवढी चहा पाजत होती तुम्हाला. कळलं?

पुरावा? देते की. तिच्या पायाकडं बघा. पाटवालीच्या. पाणी हललंय पण दिसतात. तोडे. ते तोडे माझ्या माहेरचे, एरंडोलच्या सोनारानं घडवलेले, कडेला मोराची चोच. असे दुसरे आमच्या घरात नव्हते. आत ट्रंकेत आहेत, दाखवू का? तोडे माझे म्हणजे पाय माझे. संपलं. तिच्याकडं आहे का असला पुरावा? — काय म्हणता? एकीच्याच अंगावर एवढं सोनं आणि दुसरी लंकेची पार्वती, असं का? अहो, देवी डोक्यावर घेणारीला सजवतात ना. घरातल्या सगळ्या बायांचा दागिना तिच्या अंगावर घालायचा, सासूची पुतळ्यांची माळ, जावेची सरी, माझे तो —

असो.

तुम्ही फार बारीक बघता हो. मास्तर लोकांना तीच खोड. तोडे माझे आहेत, एवढं लिहा.

चहा घेता? नको ना. तिकडं झाला असेलच. माझ्याकडं दूधही नाही एवढं, एकटीला किती लागतं. हे गेले, त्याला आता तिसरं साल. मुलगा सुरतेला, कापडाच्या मिलमध्ये. येत नाही हो. सांगितलं तर म्हणतो, आई, एवढ्या एका रोटासाठी कोण रजा देणार? रोट माहीत नसेल तुम्हाला. कानबाईचा प्रसाद. त्याचे गहू मुठीनं मोजतात, घरात जेवढे पुरुष, प्रत्येकाच्या नावाची सव्वा मूठ. बाईच्या नावाची मूठ नसते. सुरतेला बसलेल्या माझ्या पोराची असते, आणि दळणारी, मळणारी, रांधणारी मी, माझी नसते. यांच्या नावाची होती ती गेली. राहिली एक मूठ. आणि रोट भाऊबंदाशिवाय कुणाला देता येत नाही, फेकता येत नाही, पौर्णिमेच्या आत संपवायला लागतो. मग मी काय करते? एकटी बसते या पलंगावर आणि चार दिवस ते शिळं चावते. कोनाड्यात खरी कानबाई बसलेली, आणि तिच्यापुढं मी चघळतेय. तिकडं त्या टोकाला बाजारचा नारळ आणि पंगतीवर पंगत, हसण्याचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत येतो. मी खिडकी लावून घेते. मला तो आवाज नको वाटतो. घाण वाटते मला त्या आवाजाची. — नाही, रडत नाहीये, श्रावणात माझे डोळे येतात दर वर्षी.

तर काय सांगत होते — नाव. लिहा. आणि ती काहीही म्हणू दे —

काय?

परत म्हणा.

तिनं सांगितलं? इंदिरानं? हेच सांगायला मघापासून तोंड उघडत होतात? मग बोलायचं ना! — मी बोलू दिलं नाही, बरं, बरं. पण नीट आठवून सांगा, जशीच्या तशी सांगा. 'पाटवाली कमल शे. मी नुसती तिना कोपर धरीसन उभी शे.' असं? असंच्या असं? तिला दिसत नाही हो हल्ली, मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत, नातवानं भलतंच काही सांगितलं असेल फोटोतलं. — चष्मा लावून? उजेडात नेऊन पाहिला? किती वेळ? — हं. बराच वेळ. आणि तोडे पाहिले? 'हाई कमलना तोडा शेतस,' असंही म्हणाली? आणि आणखी काय म्हणाली? माझ्याबद्दल काही? — काहीच नाही. नुसतं बोट फिरवलं फोटोवरून. कुणावरून, पाटवालीवरून की दुसरीवरून? — लक्ष नाही दिलंत. कसले हो इतिहासाचे तुम्ही.

खोटारडी.

खोटारडी मेली! तोंड वर करून खोटं बोलते, तेही परक्या माणसापुढं, तेही कानबाई दोन दिवसांवर आली असताना! अहो, मी कसली पाटवाली? ती पाटवाली! तिनंच नेली पाण्यात! ते तिचे पाय आहेत, माझे तोडे घातलेले तिचे पाय, कळत नाही का तुम्हाला, तिचा डावा पाय जरा आत वळतो, हा बघा, आजही चालते तशीच! आणि ही कोपर धरलेली, बोडक्या अंगाची, ही मी आहे! पाळेवर मी डोकं पुढं केलं होतं. पदर खोचून, चुंबळ ठेवून, तयार उभी होते. आणि हिनं पाट दिला नाही. सगळ्या बायांसमोर म्हणाली, 'ऱ्हाऊ दे, तिले चक्कर येस, मीच लई जास.' मीच नेते म्हणे! चक्कर! मला काही चक्कर येत नव्हती. आषाढात माझं पोट रिकामं झालं होतं, पाच महिन्यांचं, त्याला महिना झाला नव्हता. सासूच्या मनात होतं की असल्या बाईच्या डोक्यावर देवी नको. मला दिसत होतं तिच्या तोंडावर, ओठांवर आलेलं होतं, आता बोलणार, गावादेखत बोलणार — आणि त्याच्या आधी ही बोलली, चक्कर येते म्हणून. मला वाचवलं म्हणे. अहो, मला दया नको होती. मला पाट हवा होता! सासूला उत्तर मी दिलं असतं, नसतं दिलं, माझं मी बघितलं असतं. आणि मग पाण्यात गेल्यावर शेवाळावर तिचाच पाय घसरला, तर ओरडते कशी, 'कमल, धर वं माले!' — धरलं मी. धरणार नाही तर काय, देवी पडली असती. तेव्हा त्या रुपचंदानं फोटो काढला. दोघी हसतोय म्हणता? पदराआडून तुम्हाला काय दिसतं? — खांदे. हं. हसत होतो. पडता पडता वाचलो की माणूस हसतं, त्यात काय मोठं.

आणि आता परत तेच! परत मला देऊन टाकते. घे बाई, तुला हवं ना, घे नाव, घे नारळ, घे कानबाई. पस्तीस वर्षं पंचांपुढं, नातेवाइकांपुढं, लग्नात-मयतीत 'मीच उतरले, मीच उतरले' म्हणून भांडली माझ्याशी, आणि फोटो हातात आल्यावर, खरं करून दाखवायची वेळ आल्यावर म्हणते, नाही, ती कमल. का? यांना जाऊन तीन सालं झाली म्हणून? माझ्या घरात एकच मूठ निघते हे कळलं म्हणून? गल्लीतून येता-जाता माझी बंद खिडकी बघते म्हणून? मला नको तिची भीक. किळस येते मला या चांगुलपणाची, अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

लिहा. इंदिराबाई. पाटवाली इंदिराबाई, कोपर धरलेली — नाही, थांबा. खोडा. आता काहीच लिहू नका. उद्या या. ती आज म्हणेल कमल, मी म्हणते इंदिरा, तुम्ही काय लिहिणार, तुमचं कपाळ? आधी मला तिच्या तोंडावर विचारू द्या, देवीच्या बाबतीत खोटं बोलताना जीभ कशी रेटली म्हणून. रविवारी पाट कुठं मांडायचा ते आमचं आम्ही दोघी बघू, त्यात तुमच्या फोटोचं काही काम नाही. — आत्ताच जाते. मग केव्हा? उद्या शनिवार, घर सारवायचं, गहू निवडायचे, उद्या कुणाला वेळ आहे. — नको, स्कूटरवर नको, मला चालता येतं. घर माहीत नाही काय मला तिचं? डाव्या हाताचं, निळ्या दाराचं. आत कधी गेले नाही, ते वेगळं. — तुम्ही नका येऊ बरोबर. बायकांच्या भांडणात बाप्याचं काय काम? उचला तुमची पिशवी. तो फोटो राहू द्या माझ्याकडं. — राहू द्या म्हटलं ना, खात नाही मी त्याला! चला, निघा. सरका दारातून, मला कुलूप लावायचंय.